तीस जूनचा पाया

सायप्रस फोर्कमध्ये पाया खणून घ्यायचा असेल तर लोक अमोस गँडीचं नाव सांगतात. वर एवढंच जोडतात, की मध्येच मयत आली तर काम थांबेल, मग तक्रार करायची नाही.

मयत रस्त्यानं निघाली की गाड्या कडेला घेऊन उभं राहायचं, ही चाल काही अमोसनं पाडलेली नाही. आलाबामात ती पाळण्यातच शिकवतात. पण यंत्रावरचा माणूस सहसा उतरत नाही. इंजिन मंद केलं, टोपीला हात लावला, की त्याचं कर्तव्य संपलं. अमोसचं तसं नसतं. काळी गाडी वळणावर दिसली की तो पोकलेनची बकेट जमिनीला टेकवतो, इंजिन बंद करतो, खाली उतरतो आणि हेल्मेट छातीशी धरून शेवटची मोटार जाईपर्यंत उन्हात उभा राहतो. दफनभूमी शेजारीच असली तर घरची माणसं कबरीपासून निघेपर्यंत. एका ठेकेदारानं एकदा वैतागून विचारलं, "त्या मेलेल्या माणसाला तू ओळखत तरी होतास का रे?"

"नाही," अमोस म्हणाला. "तोही मला ओळखत नव्हता. म्हणून काय झालं?"

असा हा माणूस. अंगानं दांडगा, बोलायला कंजूष, रविवारी चर्चमध्ये मागून दुसऱ्या बाकावर बसणारा आणि गाताना फक्त ओठ हलवणारा. त्याच्या बायकोचं, लुबर्थाचं म्हणणं, की लग्नाला होकार देताना तो जेवढं बोलला तेवढं पुन्हा कधी बोलला नाही.

मयतीला थांबायचं हे त्याला शिकवलं क्लिओफस स्प्रॅगिन्सनं. कागदाची गिरणी बंद पडली तेव्हा अमोस मिसरूड फुटलेलं पोर होता, हाताला काम नव्हतं. क्लिओफसकडे एक पिवळं यंत्र होतं, त्याचा अर्धा रंग उडालेला आणि आवाज असा की तळ्यापलीकडे ऐकू जावा. त्यानं अमोसला वर बसवलं आणि पहिले सहा महिने 'गाढवा'शिवाय दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. पण शिकवलं मात्र मनापासून. माती कुठली खचते, कुठली धरून राहते, चराची कड सरळ कशी ठेवायची, ढीग कुठल्या बाजूला टाकायचा म्हणजे पुन्हा उचलताना फेरा पडत नाही, सगळं. एकदा मयत जात असताना अमोस खणतच राहिला. क्लिओफस वर चढला, चावी काढली आणि मातीच्या ढिगात भिरकावली. "शोध आता," म्हणाला. "आधी मेलेल्याला वाट द्यायची, मग माती उकरायची. तुझ्यासाठीही एक दिवस कुणीतरी उकरणारच आहे, गाढवा." अमोस संध्याकाळपर्यंत गुडघ्यांवर बसून चावी शोधत होता. क्लिओफसची बायको, मिस ओझेला (आमच्याकडे लग्न झालेल्या थोरल्या बाईलाही मानानं 'मिस'च म्हणतात), त्याला तिथंच भाकरीसारखी मक्याची जाड पोळी आणि ताक देऊन गेली.

तेव्हापासून त्या घरात अमोस पोटच्या पोरासारखाच. स्प्रॅगिन्सांची खरी मुलं शिकली आणि लांब गेली. छप्पर गळलं, नळ तुंबला, म्हाताऱ्याला डॉक्टरकडे न्यायचं झालं, की हाक अमोसलाच.

आता व्हर्लीन टेटमचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिच्या इमारतीवरून झालं. गावात औषधांचं दुकान एकच आणि ते तिचं. दुकानाची जागा भाड्याची, इतकी जुनी की पाऊस आला की ती गोळ्यांच्या बरण्या आधी हलवते आणि मग गिऱ्हाईक बघते. तिनं मोठ्या रस्त्यावर, दफनभूमीच्या कुंपणालगतची मोकळी जागा घेतली. तिथं नवं दुकान आणि मागे डॉक्टरसाठी दोन खोल्या बांधायच्या, असा बेत. आमच्याकडे डॉक्टर गाठायचा तर तासभर गाडी हाकावी लागते, तेव्हा त्या दोन खोल्यांकडे सगळ्या गावाचे डोळे लागले होते.

खर्चाचं गणित जुळलं ते सरकारच्या एका सवलतीमुळे. वीज कमी खाणारी इमारत बांधली, म्हणजे भिंती-छप्पर जाड, दिवे आणि थंड हवेचं यंत्र काटकसरीचं, तर धंद्याच्या करात घसघशीत सूट मिळायची. फक्त ती सूट बंद होणार होती. दोन हजार सव्वीसच्या तीस जूनपर्यंत ज्यांचं बांधकाम सुरू होईल त्यांना मिळेल, एक जुलैपासून पुढच्यांनी हात हलवत घरी जायचं. सूट गेली तर दोन्ही खोल्या नकाशातून जाणार, हे व्हर्लीननं आधीच स्पष्ट सांगितलं होतं.

तरी ती निवांत होती, कारण तिच्या समजुतीप्रमाणे बांधकाम एप्रिलमध्येच सुरू झालं होतं. आमच्याकडे भूमिपूजनासारखाच एक सोहळा असतो. सोनेरी रंग दिलेली फावडी आणतात, महापौर येतो, पास्टर प्रार्थना करतो, सगळे चमचाभर माती उचलून फोटोला हसतात आणि नंतर केक खातात. व्हर्लीननं हे सगळं केलं होतं आणि फोटो दुकानात लावला होता. जूनच्या मध्यावर तिच्या कराचं बघणारा माणूस मॉन्टगोमेरीहून कागद घ्यायला म्हणून आला आणि फोटो बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे तुमचं काम सुरू झाल्याचं समजता तुम्ही?"

"म्हणजे काय? महापौर आहे त्यात."

"महापौर असो नाहीतर राज्यपाल. खरंखुरं काम पाहिजे. पायाचा चर पाहिजे. जागा साफ केलेली, मोजणी केलेली, फावडं धरून हसलेलं यातलं काही चालत नाही."

मग पळापळ. व्हर्लीननं अमोसला गाठलं, त्यानं पोकलेन जागेवर आणून उभं केलं. पण सांडपाण्याच्या एका शिक्क्यासाठी परवाना अडून बसला, आणि परवान्याशिवाय खणलं तर तेही धरणार नाहीत म्हणे. त्यात आठवडाभर पाऊस. आमची तांबडी माती भिजली की साबण होते, त्यात पोकलेन घातलं तर ते बाहेर काढायला दुसरं पोकलेन लागतं.

आणि त्याच आठवड्यात क्लिओफस स्प्रॅगिन्स गेला. दुपारी जेवून खुर्चीत डोळा लागला तो लागलाच. धाकटा मुलगा फौजेत, जर्मनीहून यायचा होता, म्हणून दफन पुढे ढकललं. दिवस ठरला मंगळवार, तीस जून.

सोमवारी संध्याकाळी अमोस मिस ओझेलाकडे गेला. ती पडवीत बसून वालासारख्या जांभळ्या शेंगा सोलत होती. घरात माणसं आणि ताटं यांची नुसती गर्दी, पण तिला रिकामं बसवत नव्हतं.

"मिस ओझेला, उद्या परवाना येणार आहे म्हणे. आणि दुपारनंतर पुन्हा पाऊस सांगितलाय." तो थांबला. 

"म्हणजे तू चर्चमध्ये नसणार," तीच म्हणाली.

"खोल्यांचा प्रश्न आहे हो. पण मयत कुंपणाशीच येणार. मी यंत्र बंद करीन. तुम्ही कबरीशी असेपर्यंत तिथंच उभा राहीन."

तिनं मूठभर दाणे पातेल्यात टाकले. "चर्चमध्ये काय, सगळेच असतील. क्लिओफसला तेच आवडेल बघ. यंत्र बंद आणि शेजारी तू." मग किंचित हसून म्हणाली, "नाहीतर तो पेटीतून उठेल आणि तुझी चावी फेकील."

मंगळवारी सकाळपासून अमोस जागेवर जाऊन बसला. परवान्याचा पत्ता नाही. साडेदहाला व्हर्लीनची गाडी आली ती भरधावच. काळा पोशाख, मोठी काळी हॅट, हातात कागद, आणि घाईत बुटाची एक टाच मोडलेली.

"मिळाला बाई एकदाचा. त्या माणसानं शिक्का मारायला जो वेळ लावला ना, तेवढ्यात मी आख्खा डबा गोळ्या मोजल्या असत्या. निदान पुढची बाजू पूर्ण झाली पाहिजे, मिस्टर अमोस. अर्धवट नको, कराच्या माणसानं सांगितलंय. फोटो काढून ठेवा. मी चर्चला पळते." गाडीत बसता बसता ती वळली. "मयत आली की थांबाल ना?"

"हे मला सांगायला लागतं का?"

ती गेली आणि अमोसनं खणायला घेतलं. माती वरून वाळलेली, आत ओलसर, हाताला येत होती. तो रस्त्याच्या बाजूला ढीग टाकत सरकत गेला. चराची कड अशी सुरेख येत होती की क्लिओफसनंही नाक मुरडलं नसतं. पण नैऋत्येचं आभाळ काळंनिळं होत चाललं. फोनवर पावसाचा इशारा वाजला, थोड्या वेळानं पुन्हा वाजला. बारा वाजायला आले तेव्हा पुढच्या बाजूचा तिसरा हिस्सा अजून राहिला होता.

मग वळणावर काळी गाडी दिसली.

अमोसची बकेट तेव्हा मातीनं भरून वर उचललेली होती. ही एक टाकू आणि थांबू, असं त्यानं मनाशी म्हटलं. टाकली. पण हात आपसूक पुन्हा चरात गेला. दफनविधी म्हणजे तासभर तरी. तासाभरात पाऊस येणार. पाऊस आला की चर भरणार, यंत्र रुतणार, दिवस संपणार, आणि उद्या एक तारीख. हे सगळं त्याच्या डोक्यात शब्दांत आलं असंही नाही. त्याला एवढंच कळलं, की त्या गाडीकडे एकदा नीट बघितलं तर थांबावंच लागेल.

म्हणून त्यानं बघितलं नाही. पुढची बकेट भरली आणि रस्त्याच्या बाजूला फिरवायच्या ऐवजी उलट, मागच्या बाजूला फिरवली. पोकलेनची केबिन बकेटबरोबर फिरते. त्याची पाठ रस्त्याकडे झाली. त्यानंतरची सगळी माती तो मागेच टाकत राहिला. चर खणताना नजर बकेटच्या दातांवर, माती टाकताना पाठ मयतीकडे. कानांवर आवाज अडवणारी झापडं चढवलेलीच होती. आरशात मात्र गाड्या दिसत होत्या. दिवे लावलेल्या, एकामागून एक, सावकाश कुंपणाच्या आत वळणाऱ्या. मग माणसं उतरली. पांढरे हातमोजे घातलेल्या बायका मिस ओझेलाला दोन्ही बाजूंनी धरून चालल्या होत्या. एकदा ती थांबली आणि कुंपणाकडे तोंड करून उभी राहिली. अमोसनं हात वर करून आरसा वाकडा केला.

पास्टरला त्या दिवशी ओरडून प्रार्थना म्हणावी लागली, असं नंतर कानावर आलं.

पुढची बाजू पूर्ण झाली तेव्हा कबरीवर माती पडली होती आणि माणसं पांगली होती. अमोसनं फोटो काढले. शेवटचा फोटो काढताना पहिले थेंब पडले आणि नंतर असा पाऊस कोसळला की समोरचा रस्ता दिसेना. तो केबिनमध्ये बसून राहिला. त्याला वाटलं होतं, पाऊस आला की बरं वाटेल. आपण केलं ते करायलाच हवं होतं, असं वाटेल. थोडं वाटलंही, पण फार वेळ टिकलं नाही.

पाऊस ओसरताना चर्चमधली एक बाई छत्री सावरत, चिखल चुकवत आली आणि चांदीच्या कागदात गुंडाळलेलं ताट त्याच्या हातात देऊन म्हणाली, "मिस ओझेलानं पाठवलंय. म्हणाली, अमोस सकाळपासून उपाशी असेल." आत तळलेलं कोंबडं, कोलार्डची पालेभाजी, मक्याची पोळी आणि लोण्याचा केक. मयतीनंतरच्या जेवणातला पहिला वाटा घरच्यांचा असतो. त्यातून हे काढलं होतं. ताट अजून गरम होतं.

ते तसंच घेऊन तो घरी गेला. लुबर्था चर्चमधून येऊन बूट काढत बसली होती. तिनं ताटाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"मान आखडली होती का तुझी?"

अमोसनं ताट टेबलावर ठेवलं.

"क्लिओफस स्प्रॅगिन्सची मयत, अमोस. कुण्या परक्याची नाही. आणि तू आपला घरघर घरघर. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं." तिचा आवाज खाली आला. "दिसलं नाही का तुला?"

इथं तो खरं बोलला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. लुबर्थानं दोन दिवस अबोला धरला असता, भांडी आपटली असती, आणि मग त्याला मनगटाला धरून मिस ओझेलाच्या दारात नेऊन उभं केलं असतं. पण तिनंच पळवाट दाखवली आणि दमलेला माणूस उघड्या दारातून आत शिरावा तसा तो शिरला.

"नाही," तो म्हणाला. "पाठ होती माझी."

"वाटलंच मला," लुबर्था म्हणाली, आणि लगेच फोनकडे गेली.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये कुजबुज होती ती पास्टरनं बोलण्याआधीच थांबली, कारण मिस ओझेला उठून उभी राहिली. काळ्या कपड्यांत, काठीवर भार देऊन. मयतीला आलेल्यांचे तिनं आभार मानले आणि मग म्हणाली, "अजून एक. अमोसबद्दल कुणी वाकडं बोलायचं नाही. त्याची पाठ होती, कान झाकलेले होते. त्याला दिसलं नाही. दिसलं असतं तर तो थांबला असता, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही." सगळं चर्च "आमेन" म्हणालं. मागून दुसऱ्या बाकावर अमोसनं गाण्याचं पुस्तक उघडलं ते उलटं होतं.

त्यानंतर गाव त्याच्याशी पहिल्यापेक्षा गोडीनं वागू लागलं. बिचाऱ्याला किती वाईट वाटत असेल, स्वतःच्या बापासारख्या माणसाची मयत आणि दिसली नाही. न्हाव्याकडे लोक उठून त्याला खुर्ची देऊ लागले. तो मिस ओझेलाकडे जाईना. ती बुधवारी प्रार्थनेला गेली की पडवीत टोमॅटो नाहीतर भेंडी ठेवून यायचा, चोरासारखा. मयतीला अजूनही थांबायचा, बकेट टेकवून, हेल्मेट छातीशी धरून. पण पूर्वी तिथं उभं राहिल्यावर त्याच्या मनात काहीच नसायचं. आता आपल्याला कोण कोण बघतंय हे कळायचं, आणि स्वतःची शिसारी यायची.

एका गोष्टीवर मात्र त्याचं मन टेकून होतं. पाऊस खरंच आला होता. चर त्या दिवशी झाला नसता तर खोल्या गेल्या असत्या. क्लिओफस असता तर शिव्या दिल्या असत्या, पण शेवटी म्हणाला असता, की बरं, जित्या माणसांसाठी केलंस. झोप लागत नसली की अमोस हे स्वतःला समजावायचा, आणि बहुतेक वेळा त्यानं भागायचं.

ऑक्टोबरात इमारत उभी राहिली. आत फोम भरलेले भिंतींचे आणि छपराचे जाड पत्रे टेनेसीतल्या एका कारखान्यातून येऊन चढले. अमोस मागच्या बाजूची माती सारखी करत होता. व्हर्लीन कॉफीचे दोन पेले घेऊन आली, एकदम खुशीत.

"ऐकलंत का, मिस्टर अमोस? कराचा माणूस येऊन गेला. सूट पक्की. एकदा नाही, दोनदा पक्की."

"दोनदा कशी?"

"अहो, हे पत्रे. आपल्या मापानं करून देण्याचा करार मी मे महिन्यात केला होता ना? कारखान्यानं जूनच्या पहिल्या आठवड्यातच कापायला घेतले होते. तो म्हणतो, करार लेखी असला आणि वस्तू खास आपल्यासाठीच बनत असली, तर तिथलं कामही काम सुरू झाल्यातच धरतात. मला कुठं माहीत? मी त्याला सांगितलंच नव्हतं पत्र्यांचं. तो म्हणाला, सांगितलं असतंत तर एवढी धावपळ कशाला करू दिली असती." ती हसली. "म्हणजे त्या दिवशी आपण उगाच जीव काढला. चर एक तारखेला काय, ख्रिसमसला खणला असता तरी चाललं असतं."

तिला त्यात नुसती गंमत दिसत होती. तिच्यापुरतं तिचं बरोबरच होतं. अमोस म्हणाला, "चांगलं झालं," आणि पेला तसाच पत्र्यावर ठेवून यंत्रावर चढला. पण यंत्र सुरू केलं नाही. जित्या माणसांसाठी केलं, तेही उरलं नव्हतं. आता राहिली होती ती फक्त वळवलेली पाठ.

तो तसाच मातीच्या कपड्यांनी मिस ओझेलाकडे गेला. ती पडवीत अक्रोडासारखी पेकानं फोडत बसली होती, मांडीवर परात. त्याला बघून म्हणाली, "आज टोमॅटो नाहीत?"

तो पायरीवरच उभा राहिला. "मिस ओझेला, त्या दिवशी मला दिसलं होतं."

तिनं आणखी एक पेकान अडकित्त्यात धरलं. फोडलं. गर सबंध निघाला, तो बाजूला ठेवला.

"माहितेय मला."

"कसं काय?"

"मातीच्या ढिगाऱ्यांवरून. यंत्रवाल्याची बायको आहे मी, जन्मभर दुसरं काय ऐकलंय? तू पहिली माती सगळी रस्त्याकडे टाकली होतीस. मध्येच दुसऱ्या बाजूला का टाकायला लागलास? तिकडे ढीग टाकायला जागा तरी होती का? झाडाची फांदी मोडलीस तू तिकडे फिरताना." ती थांबली. "आणि आरसा वाकडा करताना तुझा हात दिसला."

अमोस पायरीवर बसला. "मग तुम्ही चर्चमध्ये उठून…"

"लुबर्थानं फोन केला. रडत होती. म्हणाली, त्याला दिसलंच नाही हो, पाठ होती. ती इतकी सुटका झाल्यासारखी बोलत होती, की मी काय म्हणणार होते? तुझा नवरा खोटं बोलतोय?" मिस ओझेलानं टरफलं परातीतून झटकली. "आणि मला वाटलं, येईल. उद्या येईल, परवा येईल. तोपर्यंत लोकांनी तुला फाडून खाऊ नये म्हणून बोलले. क्लिओफसचा हात होतास तू. तू आलाच नाहीस. भेंडी येत राहिली."

"ते करायची गरजही नव्हती," तो म्हणाला, आणि पत्र्यांचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"ते मला कशाला सांगतोस? गरज असती तरी मी तिथं उभीच होते ना, नवऱ्याच्या कबरीशी, तुझ्या इंजिनाचा आवाज ऐकत."

तिनं पुन्हा एक पेकान फोडलं. मग अमोस म्हणाला, "मी रविवारी उभा राहतो. सगळ्यांसमोर सांगतो."

तिनं अडकित्ता खाली ठेवला. इतक्या वेळात पहिल्यांदा तिच्या आवाजाला धार आली.

"आणि माझं काय?"

त्याला कळेना.

"तू खरं बोलून मोकळा होशील. लोक रडतील, तुला मिठ्या मारतील, बघा बाई केवढ्या मनाचा माणूस, म्हणतील. आणि मी? देवाच्या घरात, नवऱ्याला माती देऊन आठवडा व्हायच्या आत, उभं राहून खोटं बोललेली म्हातारी. तुझ्यापायी. नाही, अमोस. ते सुख तुला मिळायचं नाही."

"मग मी काय करू, मिस ओझेला?"

"काही नाही. तुला चांगला म्हणतात ना? म्हणू देत. गप ऐकून घ्यायचं, आणि मीही ऐकीन." तिनं परातीतले सोललेले गर एका पिशवीत भरले आणि त्याच्या हातात दिले. "लुबर्थाला दे. केक करायला सांग. आणि आता येत जा, मी घरी असते तेव्हा."

रविवारी प्रवचनानंतर पास्टरनं नव्या औषधाच्या दुकानाबद्दल देवाचे आभार मानले. डॉक्टरीण पुढच्या महिन्यापासून बसणार असल्याचं सांगितलं. व्हर्लीनला उभं केलं, टाळ्या झाल्या. मग म्हणाला, "आणि ज्यानं पाया घातला तोही इथंच आहे. या गावात अशी एखादी मयत दाखवा, जिला अमोस गँडीनं मान दिला नाही. एकदाच चुकली, आणि ती त्याला दिसली नव्हती. ऊठ, अमोस. लोकांना बघू दे तुला."

लुबर्थानं कोपरानं ढोसलं. अमोस उठला. दोन्ही हातांनी पुढच्या बाकाची कड धरून उभा राहिला. सगळं चर्च मागे वळून त्याच्याकडे मायेनं बघत होतं. पहिल्या बाकावरून पहिली टाळी वाजली ती मिस ओझेलाची.